फेट्याचं टोक ज्याच्या हाती

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. कॉलेजात नव्याने आलेल्या मुलामुलींना पहिले काही दिवस सांभाळायला जी जुनी मुलं राबली, त्यांच्यातून तुम्ही एक नाव द्यायचं. ज्याने सगळ्यांत चांगलं काम केलं त्याचं. तसं अवघड काही नाही. डोळे उघडे ठेवले असतील तर नाव तुम्हाला ठाऊकच असतं. आता त्यात एवढीच एक गोष्ट मिसळा, की ते नाव तुम्ही घेतलंत तर त्या मुलाचं पुढचं वर्ष गेलं, आणि नाही घेतलंत तर तुमचं गेलं. आता सांगा नाव.

दिशा ठुबे हे काम डोक्यात घेऊन चार दिवस फिरत होती. जेवताना, चालताना, पाहुण्यांच्या खोल्यांना चादरी घालताना.

राहुरीच्या पुढे, मुळेच्या कालव्याकाठी एक खासगी कृषी महाविद्यालय आहे. पुढे ऊस, मागे ऊस, मध्ये कॉलेज. नवी मुलं पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन उतरतात, तेव्हा त्यांना वर्ग कुठला आणि मेस कुठली हेही कळत नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे 'दीक्षारंभ' चालतो. ओळखीपाळखी, भाषणं, शिवारफेरी, खेळ. त्यात प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याकडे आठ-दहा नवी मुलं देतात. या जुन्या मुलांना तिथे 'सोबती' म्हणतात. सोबती होण्याची सक्ती कुणावर नसते. मनापासून करायचं काम.

शेवटच्या दिवशी सगळ्यांत चांगल्या सोबत्याला मानाचा फेटा बांधतात. पूर्वीच्या एका प्राचार्यांनी ही रीत घालून दिली. ते म्हणायचे, बक्षिसाच्या कपावर धूळ बसते, फेट्यावर नजर बसते. टोपीसारखा घालायचा तयार फेटा तिथे चालत नाही. नव्या मानकऱ्याचं नाव गेल्या वर्षीच्या मानकऱ्याने द्यायचं, आणि स्टेजवर, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातांनी त्याला फेटाही बांधायचा. बांधताना कापडाचं एक टोक ज्याला बांधायचा त्याच्याच हातात देतात. त्याने ते घट्ट धरलं नाही तर फेटा बसत नाही, घसरतो.

ही झाली डोळ्यांना दिसणारी रीत. न दिसणारी रीत अशी, की ज्याच्या डोक्यावर फेटा चढला त्याच्या डोक्यावर वर्षभराचं सगळंच चढतं. कॉलेजात काही ठरलं की ऑफिसातून पहिला प्रश्न येतो, "यंदा फेटा कुणाकडंय?" मग शेतकरी मेळावा असो, रक्तदान शिबिर असो, नाही तर अध्यक्षांच्या वाढदिवसाची झाडं लावायची असोत. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर खोडता आलं असतं.

गेल्या वर्षी फेटा दिशाला मिळाला होता. पारनेर तालुक्यातलं तिचं गाव. वडील कारभारी ठुबे सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. लेकीचा फेट्यातला फोटो त्यांनी डेअरीत नेऊन सगळ्यांना दाखवला होता. पहिले काही महिने दिशालाही गोड वाटलं. सर नावाने हाक मारायचे, पाहुणे पाठ थोपटायचे. कुठल्या पाहुण्याला बिनसाखरेचा चहा लागतो, कुठला माईक खरखरतो, शिबिराला जीप कुणाची मिळते, सगळं तिला पाठ झालं. पाठ झालं नाही ते मृदाशास्त्र. त्यात ती नापास झाली. मेळाव्याच्या मांडवात उभी असताना निकाल लागला, आणि तिने तो मांडवाच्या खांबाला टेकूनच बघितला. घरी फोन केला तेव्हा वडील रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "दिशा, तुला पास व्हायचंय का कार्यक्रम करायचेत, ते एकदा ठरव."

आता शेवटचं वर्ष. राहिलेला विषय सोडवायचा होता, आणि शिवाय कृषी सेवेची परीक्षा. तिच्या बरोबरीच्या मुली सुट्टीतच पुण्याला क्लास लावून आल्या होत्या. दिशाने ठरवलं होतं, फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर गेला की लायब्ररीतलं खिडकीजवळचं टेबल धरायचं आणि वर्षभर सोडायचं नाही. तेवढीच तिची मागणी होती. टेबल, खिडकी, आणि तिला कुणीही हाक न मारणं.

म्हणून ती आधी राधाकृष्ण सरांकडे गेली. दीक्षारंभाचं सगळं सरांकडे असतं. म्हणजे सरांचं सही करण्यापुरतं, बाकीचं फेटेवाल्याकडे. माणूस मात्र लोण्यासारखा मऊ. कधी कुणावर आवाज चढवलेला नाही. अशा माणसाला नाही म्हणणं फार अवघड.

"बस, दिशा. चहा घेणार?"

"नको सर. सर, मी म्हणत होते, फेटा कुणालाही मिळो, पण सगळं एकावरच पडतं. त्यापेक्षा चार-पाच जणांची समिती केली तर?"

सरांनी चष्मा काढला. "उत्तम. अगदी उत्तम. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही? कर समिती."

"मी?"

"मग कोण? कोण कोण घ्यायचं, कुणाला काय द्यायचं, ते करतात की नाही, तेवढं फक्त तू बघायचं."

आत येताना तिच्याकडे जेवढी कामं होती त्यात एकाची भर पडली होती.

"आणि हे बघ," सर म्हणाले, "नावासाठी ओढाताण करू नको. यंदा तसं कुणी वाटत नसेल तर फेटा तुझ्याकडेच राहू दे. लागोपाठ दोनदा फेटा आजवर कुणाला मिळालेला नाही. तुझं नाव राहील."

"सर, माझी परीक्षा आहे."

"आहेच की. मी कुठे नाही म्हणतो? कामं अशी असतात तरी किती? बरं, त्या परभणीच्या पाहुण्यांचं राहण्याचं बघितलंस ना?"

"बघितलं, सर."

"बघ. तू आहेस म्हणून काळजी नाही."

हे वाक्य सर इतक्या मायेने म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या गळ्यात हार पडला. हार काढून ठेवता येतो. हे वाक्य वर्षभर दिशाच्या गळ्यातून निघालं नव्हतं.

म्हणजे नाव द्यायला हवं होतं. एक नाव तर आपणहून पुढे पुढे करत होतं. सुहास. तो होता फोटोतला सोबती. नव्या मुलाची पेटी तो उचलायचा ती फोटोपुरती. फोटो निघाला की पेटी जागच्या जागी. पण बोलायला गोड, सगळ्यांत मिळून मिसळून, आणि फेट्यासाठी जीव टाकणारा. एक दिवस दिशाच्या मनात आलंच. देऊन टाकावा याला. याचं वर्ष वाया जाण्याची भीती नाही, हा कामच करणार नाही.

मेसमधल्या कडूबाईंच्या चुलीपाशी बसून तिने हे नुसतं गमतीत म्हटलं. कडूबाईंनी परातीतलं पीठ मळता मळता तिच्याकडे पाहिलं.

"द्या की. पन त्याच्या डोस्क्यावर फेटा चढला की उतरायचा न्हाई, आन् काम काय चढायचं न्हाई. मंग सर कुनाला हाक मारत्याल?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

"आन् ती चांगुणा का दिसंना तुमाला?" कडूबाई म्हणाल्या. "का दिसती म्हनून हितं येऊन बसलात?"

चांगुणा गाडेकर. दुसऱ्या वर्षाची, राहाता तालुक्यातली, पेरूच्या बागेतली. आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून मुली तिला चांगुणाआजी म्हणायच्या. ती चिडायची नाही. "काय गं नात?" म्हणून ओ द्यायची, म्हणजे चिडवणारीच खजील. नव्या मुलांत नेवाशाकडचा एक यज्ञेश्वर होता, भिक्षुकाच्या घरातला. दोन दिवस तो ताटात नुसता दहीभात कालवत बसला. सगळे म्हणाले, घरची आठवण येत असेल. सुहासने त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. चांगुणाने त्याला काहीच विचारलं नाही. ती कडूबाईंकडे गेली आणि म्हणाली, "मावशी, चातुर्मास हाय. लसणाची फोडणी द्यायच्या आधी वाटीभर वरण बाजूला काढत जा. त्याला सांगू नका मी सांगितलं म्हनून." तिसऱ्या दिवशी पोरगा पोटभर जेवला. ही गोष्ट कडूबाईंनी सांगितली म्हणून दिशाला कळली.

आणि ती ऐकताना दिशाच्या लक्षात आलं, की गेल्या वर्षी हे असं सगळं ती स्वतः करत होती. न सांगता, न दाखवता, कुणी मागायच्या आधी.

नाव नव्या मानकऱ्याला आधी सांगायचं नाही, ही रीत. पण बोलायला कोण अडवतंय? दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी गेटाजवळच्या बाकावर बसल्या होत्या. राहिलेली दोन-तीन मुलं एसटीने यायची होती, आणि एसटीने उशीर करण्याचं आपलं काम चोख चालवलं होतं.

"अभ्यास कसा चाललाय?" दिशाने विचारलं.

"मस्त चाललाय, ताई."

दिशा दचकली. गेल्या वर्षी याच दिवसांत शौनकदादाने, म्हणजे तिच्या आधीच्या फेटेवाल्याने, जिन्यात थांबवून तिला हेच विचारलं होतं. तिनेही हेच सांगितलं होतं, 'मस्त चाललाय, दादा.' तो नुसतं 'बरं' म्हणाला. त्या 'बरं'चा अर्थ तेव्हा तिला लागला नव्हता.

"चांगुणा, समज, एखादीला फेटा मिळाला. तर तिच्या वर्षाचं काय होतं ते तू बघितलंयस ना? माझा एक विषय गेला."

"बघितलंय की."

"तुमच्याकडच्या विजेच्या डीपीवर कसं होतं? दोन फेज गेले, एक राहिला, की सगळे आपापली मोटार त्याच एकावर टाकतात. मग तोच जळतो."

चांगुणा हसली. "व्हय, आमच्याकडं कायम जळतो. पन ताई, ज्या फेजला पावरच न्हाई, त्याला कुनी इचारतं का?"

दिशाने एसटी येते का म्हणून रस्त्याकडे पाहिलं.

"मी तर फेटा नसतानाबी कामं करतेच," चांगुणा म्हणाली. "घरी करते, हितं करते. कुनी सांगितलं की मी उठते. ते काय माझ्यानं सुटायचं न्हाई." मग तिने विचारलं, "फेटा मिळाला तर घरच्यांना बोलावत्यात, पहिल्या रांगेत बसवत्यात, ते खरंय का?"

"खरंय."

"आमचे अण्णा हितं एकदाच आलेत. ॲडमिशनच्या दिवशी. पायात चप्पल तुटलेली, धोतर चिखलाचं. बागेतून तसेच आले हुते. शिपायानं गेटावरच थांबवलं, म्हनला, कामगारांनी मागल्या दारानं जायचं. अण्णा काय बोलले न्हाई. हितंच, ह्याच बाकावर बसून ऱ्हायले मी बाहेर येस्तवर. नंतर कवा बोलावलं तरी येत न्हाईत. म्हनत्यात, तुझं तू बघ." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यांना एकदा पुढच्या दारानं आत आनायचंय."

एसटी आली. चांगुणा उठली आणि उतरणाऱ्या मुलीच्या हातातली पेटी तिने घेतलीसुद्धा. जाता जाता वळून म्हणाली, "ताई, तुमाला नको हुता का फेटा?"

"हवा होता," दिशा म्हणाली. "फार हवा होता."

"मग?"

आणि उत्तराची वाट न बघता ती पेटी घेऊन चालू लागली.

दिशा बाकावर बसून राहिली. आतापर्यंत तिला दोन बाजूंनी भिंत दिसत होती, आता तिसरीही दिसायला लागली. फेटा दिला तर ही पोरगी अडकणार. नाही दिला तर एक बाप आयुष्यभर गेटाबाहेर. स्वतःकडे ठेवला तर खिडकीजवळचं टेबल गेलं. सुहासला दिला तर टेबलही गेलं आणि लाजही गेली.

संध्याकाळी तिने सरांना नाव सांगितलं.

"चांगुणा?" सर म्हणाले. "शांत मुलगी आहे. जमेल तिला?"

"जमेल," दिशा म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि तिला वाटलं, आपण कुणाची तरी हमी घेतली, त्या माणसाला न विचारता.

गहिनीनाथ गाडेकरांना फोन तिनेच केला. ते आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, बागेत फवारणी चाललीय. शेवटी दिशा म्हणाली, "अण्णा, तुम्ही आला नाहीत तर फेटा बांधता येत नाही, अशी रीत आहे." अशी काही रीत नव्हती. पण त्या कॉलेजात न लिहिलेल्या एवढ्या रीती होत्या, त्यात आणखी एक.

ते आले. पांढरंशुभ्र धोतर, नवी चप्पल, हातात पेरूंची पिशवी. गेटावर शिपाई उठून उभा राहिला, कारण दिशा स्वतः त्यांना घ्यायला गेली होती. पहिल्या रांगेत ते खुर्चीच्या कडेवर बसले, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता येईल असे.

स्टेजवरून चांगुणा गहिनीनाथ गाडेकर असं पूर्ण नाव पुकारलं गेलं. चांगुणाआजी म्हणून चिडवणाऱ्या मुलींनीच सगळ्यांत जास्त शिट्ट्या मारल्या. ती वर आली. दिशाने फेट्याचं कापड सोडलं. दुसऱ्या बाजूला एकाने पदर ताणून धरला, आणि हे टोक दिशाने चांगुणाच्या हातात दिलं. गेल्या वर्षी या क्षणी शौनकदादा हळूच म्हणाला होता, 'घट्ट धर.' दिशाने ठरवलं होतं की आपण ते म्हणायचं नाही. म्हणायची गरजही पडली नाही. चांगुणाने टोक असं आवळून धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

दिशा पीळ देत गेली, वळसे घालत गेली. फेटा पहिल्याच वेळी सुरेख बसला. तुरा उभा राहिला. खाली गहिनीनाथअण्णा खुर्चीच्या कडेवरून सरकून पाठ टेकून बसले. ते दिशाने बघितलं, आणि त्या घटकेला तिला वाटलं की आपण बरोबर केलं.

मग सरांनी माईक घेतला. चांगुणाचं कौतुक केलं, अण्णांना नमस्कार केला, आणि म्हणाले, "दिशा मात्र कुठे जात नाही बरं का. नव्या समितीची मार्गदर्शक म्हणून ती वर्षभर आहेच. दिशा आहे म्हणून काळजी नाही."

टाळ्या पडल्या. दिशानेही वाजवल्या. स्टेजवर उभं असताना दुसरं काय करतात?

कार्यक्रम उठला. खुर्च्या ओढल्याचे आवाज सुरू झाले. अण्णा दिसेल त्याच्या हातावर पेरू ठेवत होते. चांगुणा त्यांच्याशेजारी उभी, फेटा सांभाळत मान ताठ धरलेली. तेवढ्यात सुहास पेरू खात आला.

"अभिनंदन, चांगुणा. फेटा आता तुझ्याकडं ना? मग ते मागचं बॅनर उतरवायचं तेवढं बघ. मंडपवाला घाई करतोय."

"व्हय, बघते," चांगुणा म्हणाली, आणि फेट्यासकट निघालीच.

"थांब," दिशा म्हणाली. "तू अण्णांबरोबर फोटो काढ. बॅनर मी बघते."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. पण तोवर स्टूल तिनेच ओढलं होतं आणि त्यावर तीच चढली होती. बॅनरच्या एका कोपऱ्याची गाठ सुटली, आणि तिचा मोबाईल वाजला. शौनक. हल्ली तो जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत असतो. फेट्याचा दिवस त्याच्या लक्षात होता.

"काय मानकरी, कुणाला बांधलास?"

"चांगुणा म्हणून आहे. राहात्याची."

"चांगली आहे?"

"चांगली आहे." दिशाने सुटलेलं टोक हातात धरलं. "दादा, एक विचारू? गेल्या वर्षी तू माझं नाव का दिलंस?"

"का म्हणजे? सगळ्यांत चांगलं काम तुझं होतं."

"तेवढंच?"

पलीकडे त्याच्या मागे कुठेतरी माणसांची गडबड चालली होती, आणि त्या गडबडीतून एक आवाज अगदी स्पष्ट आला, "अरे, शेतकऱ्यांच्या जेवणाचं त्या शौनकला सांग. तो आहे म्हटल्यावर काळजी नाही."

"आलो, साहेब," शौनक म्हणाला. मग फोनमध्ये, घाईघाईने, "दिशा, करतो गं परत."

फोन बंद झाला. दिशा स्टुलावर तशीच उभी राहिली, बॅनरचं सुटलेलं टोक एका हातात. खाली चांगुणा आणि अण्णा फोटोला उभे होते, आणि चांगुणा नेमकी तिच्याकडेच बघत होती. पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या, हीसुद्धा आपल्याला हेच विचारील. तेव्हा आपण काय सांगायचं हे शौनकदादाने सांगितल्याशिवाय दिशाला कळणार नव्हतं.

आधी काय दिसलं होतं तुला, दादा? माझं काम, की मला नाही म्हणता येत नाही ते?